मोहफुलांपासून घरगुती सरबत, काकवी आणि लाडू

मार्चच्या दुसऱ्या पंधरवड्यात मोहाची पानगळ संपत येते आणि फांद्यांच्या टोकांना तांबूस कळ्यांचे घोस लागतात. गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया व भंडारा या जिल्ह्यांतील जंगलालगतच्या गावांत यानंतरचे तीन-चार आठवडे घरातील लहानथोर पहाटेच टोपली घेऊन झाडाखाली असतात. मेळघाट, नंदुरबारचा सातपुडा, पालघरमधील जव्हार-मोखाडा या भागांतही हेच दृश्य दिसते. मोहाचे झाड कुणी खत-पाणी देऊन वाढवलेले नसते. तरीही हातात रोख पैसा नसलेल्या उन्हाळ्यात ते अनेक घरांना आधार देते.

मात्र या आधाराचा बराचसा भाग घरात राहत नाही. एप्रिलअखेर गावोगावची फुले एकदम बाजारात येतात, भाव पडतो आणि ओलसर, माती लागलेली फुले व्यापाऱ्याच्या मापाने विकली जातात. पावसाळ्यात फुलांचा भाव चढतो, तेव्हा विकणाऱ्याच्या घरात पसाभरही शिल्लक नसतात. चांगल्या सुकलेल्या मोहफुलात वजनाच्या सुमारे निम्मी साखर असते. असे असूनही मोह म्हटले की बहुतेकांना दारूच आठवते. पूर्वी विदर्भाच्या पूर्व भागात मोहाची भाकर, मोह घातलेले पुरण, तीळ व जवसाबरोबर कुटलेला मोह हे घरोघरचे खाणे होते, हे आज पन्नाशी ओलांडलेल्या बायकाच सांगू शकतात.

या लेखात मोहफुलांपासून सरबत, काकवी व लाडू घरच्या घरी कसे करावेत याची माहिती दिली आहे. मात्र चुलीपर्यंत जाण्यापूर्वी एक गोष्ट लक्षात घ्यावी. मोहफूल खाण्याच्या कामाचे राहणार की भट्टीच्या, हे झाडाखाली आणि पहिल्या दिवशीच ठरते. त्यामुळे कृतीइतकीच, किंबहुना थोडी अधिकच, जागा येथे वेचणी व वाळवणीला दिली आहे. वाचकांनी हा भाग वगळून एकदम कृतीकडे जाऊ नये.

फुलाची ओळख

मोह हा चिकूच्या कुळातील वृक्ष आहे. चिकूसारखाच त्याच्या सालीतून व कच्च्या फळातून पांढरा चीक येतो. आपण ज्याला मोहफूल म्हणतो तो खरे तर फुलाचा एक भाग आहे. पाकळ्या एकमेकींना जुळून झालेली ती मांसल, पिवळसर पांढरी कुपी असून आतल्या बाजूस पुंकेसर चिकटलेले असतात. मध्यरात्रीनंतर या कुप्या गळू लागतात आणि सकाळी नऊ-दहापर्यंत गळत राहतात. बाहेरील तपकिरी लवदार संदले आणि आतील बीजांडकोश मात्र फांदीवरच राहतो. पुढे त्यातूनच फळ तयार होते आणि जून-जुलैत त्याच्या बिया, म्हणजे टोळी, तेलासाठी मिळतात.

यावरून शेतकऱ्यांकडून नेहमी विचारल्या जाणाऱ्या एका प्रश्नाचे उत्तर मिळते. खाली पडलेली फुले वेचल्याने टोळीचे उत्पादन घटत नाही. ते घटते फांद्या झोडपल्याने किंवा झाड हलवल्याने, कारण त्यामुळे न पिकलेली फुले बीजांडकोशासह तुटून पडतात. अशी कोवळी फुले गोडीलाही कमी असतात. म्हणून आपोआप गळलेलीच फुले घ्यावीत.

ताज्या फुलात तीन-चतुर्थांश किंवा त्याहून अधिक पाणी असते. पाणी, साखर आणि फुलावर नैसर्गिकरीत्या असणारे यीस्ट हे तिन्ही एकत्र आले की उन्हाळ्याच्या उष्णतेत काही तासांतच आंबण्याची क्रिया सुरू होते. सकाळी वेचलेली फुले पोत्यात कोंबून संध्याकाळपर्यंत ठेवली तर पोते गरम लागते आणि आंबूस वास येतो. अशी फुले सरबत किंवा लाडवाच्या कामाची राहत नाहीत. पुढे कितीही उकळले तरी तो वास जात नाही.

आग न लावता वेचणी

फुले स्पष्ट दिसावीत म्हणून झाडाखालचा पालापाचोळा पेटवण्याची पद्धत अनेक गावांत आहे. त्यामागे सोय आहे हे मान्य केले पाहिजे. पाचोळ्यात पडलेली फुले शोधायला दुप्पट वेळ लागतो. परंतु ही आग नेहमी झाडाखालीच थांबते असे नाही. एप्रिलच्या वाऱ्यात ती जंगलात शिरते. राखीव वनात आग लावणे हा भारतीय वन अधिनियम, १९२७ नुसार गुन्हा आहे, हे तर आहेच. त्याहून मोठे नुकसान असे की या आगीत मोहाचीच लहान रोपे दरवर्षी जळून जातात. ज्या गावात सगळे मोह आजोबांच्या काळातले आहेत आणि नवीन एकही झाड उभे राहिलेले नाही, तेथे याचे कारण बहुधा हेच असते. शिवाय राखेवर पडलेल्या फुलाला राख व धुराचा वास चिकटतो तो वेगळाच.

आगीऐवजी झाडाखालचा पाचोळा फुले गळू लागण्यापूर्वी एकदा खराट्याने झाडून बाजूला करावा. त्याचा शेतात कंपोस्टसाठी उपयोग होतो. खाण्यासाठी फुले घ्यायची असल्यास याच्याही पुढे जाऊन झाडाखाली जाळी बांधावी. बांबूचे चार-सहा खुंट रोवून जमिनीपासून तीन-चार फुटांवर हिरवी शेडनेट किंवा जुन्या सुती लुगड्यांची शिवलेली चादर ताणावी. मध्यभागी थोडा झोळ ठेवला की फुले तेथे जमा होतात. अशा फुलांना माती लागत नाही, गुरेढोरे त्यांवर पाय देत नाहीत आणि ती धुण्याचे कामही कमी होते. सर्व झाडांना जाळी बांधणे शक्य नसते. घराजवळची किंवा बांधावरची दोन झाडे खाण्यासाठी राखून ठेवावीत आणि बाकीची नेहमीप्रमाणे वेचावीत, हा मार्ग व्यवहार्य आहे. अशा स्वच्छ फुलांना वेगळा बाजारही आहे. २०२१ साली छत्तीसगडमधील कोरबा भागातील सुकवलेली मोहफुले फ्रान्सला निर्यात झाली होती.

रस्त्याच्या कडेची धूळ व धूर बसलेली झाडे खाण्याच्या फुलांसाठी निवडू नयेत. उन्हाळी पिकावर कीटकनाशक फवारलेल्या शेताच्या बांधावरील फुलेही त्या काळात घेऊ नयेत.

वेचणीला जाताना आणखी एक काळजी घ्यावी. अस्वलाला मोहफूल अत्यंत प्रिय असून तेही त्याच वेळी, त्याच झाडाखाली येते. वाकून वेचणारे माणूस आणि मान खाली घालून खाणारे अस्वल यांची अंधारात गाठ पडते आणि जीवघेणे अपघात होतात. वाघाचा वावर असलेल्या भागात तर वाकलेल्या माणसाला धोका अधिकच. त्यामुळे पुरते उजाडल्याशिवाय झाडाखाली जाऊ नये. तीन-चार जणांनी मिळून जावे, बोलत राहावे आणि एकाने उभे राहून लक्ष ठेवावे. जाळी बांधलेली असल्यास पहाटे घाई करण्याचे कारण उरत नाही, हाही तिचा एक मोठा फायदा आहे.

वाळवण व साठवण

वेचलेली फुले घरी आणताच पसरावीत. काडी, पाने, काळी पडलेली व किडकी फुले काढून टाकावीत. माती लागली असल्यास स्वच्छ पाण्यात एक-दोनदा झटपट बुचकळून काढावीत. फुले पाण्यात भिजत ठेवू नयेत, कारण त्यांतील साखर पाण्यात उतरते. त्यानंतर शेणाने सारवलेल्या अंगणात न पसरता बांबूच्या तट्ट्यावर किंवा खाटेवर स्वच्छ कापड घालून एका फुलाच्या जाडीचा थर करावा. वरून पातळ कापड किंवा मच्छरदाणी टाकावी. संध्याकाळी दव पडण्यापूर्वी फुले घरात घ्यावीत. कडक उन्हात तीन ते चार दिवसांत फुले सुकतात. सौर वाळवणी यंत्र उपलब्ध असल्यास रंग अधिक उजळ राहतो आणि अवकाळी पावसाची धास्ती राहत नाही.

फुले पुरेशी सुकली की नाही हे पाहण्यासाठी मूठभर फुले घट्ट दाबून सोडावीत. गोळा न होता ती सुटी झाली तर वाळवण झाली असे समजावे. साधारण चार किलो ताज्या फुलांपासून एक किलो सुकी फुले मिळतात. याहून जास्त वजन भरत असेल तर आनंद मानू नये. तो ओलावा आहे आणि पावसाळ्यात त्यावर बुरशी येणार आहे.

सुकलेली फुले पोत्यात घालून काठीने हलकेच बडवावीत व सुपाने पाखडावीत. आतील पुंकेसर गळून पडतात. मोहाच्या पदार्थाला येणारा किंचित कडवटपणा व उग्र वास बराचसा या पुंकेसरांमुळे असतो. शहरातील माणसे मोहाचा लाडू तोंडात घालून नाक मुरडतात, त्यामागे हेच काम टाळलेले असते.

मोहफूल हवेतील ओलावा लगेच ओढून घेते. पूर्वी घरोघरी ढोलीत किंवा मडक्यात फुले ठेवत. आता जाड प्लॅस्टिकची पिशवी आत घालून पोत्यात भरावीत, तोंड घट्ट बांधावे आणि पोते जमिनीवर न ठेवता फळीवर, भिंतीपासून अंतर राखून ठेवावे. श्रावणात पावसाची उघडीप मिळताच एकदा ऊन द्यावे. बुरशी आलेली फुले धुऊन, भाजून वापरण्याचा मोह टाळावा. ती फेकून द्यावीत. गुरांनाही घालू नयेत.

अर्क काढणे

सरबत आणि काकवी या दोन्हींसाठी प्रथम फुलांचा अर्क काढावा लागतो. पुंकेसर काढलेली एक किलो सुकी फुले घ्यावीत, ती एकदा भराभर धुऊन निथळावीत व जाड बुडाच्या कढईत मंद आचेवर पाच-सात मिनिटे कोरडी परतावीत. फुले किंचित फुगतात आणि उग्र वास निघून जाऊन गुळासारखा वास येऊ लागतो. नंतर स्टीलच्या पातेल्यात तीन लीटर पाणी उकळून त्यात फुले घालावीत व झाकण ठेवून अर्धा तास मंद शिजवावीत. जर्मनचे किंवा कल्हई उडालेले पितळी भांडे वापरू नये. शिजलेली फुले पळीने चेचून मलमलच्या दुहेरी कापडातून गाळावीत व पिळून घ्यावीत. सव्वादोन लीटरच्या आसपास तपकिरी, गोड अर्क मिळतो. उरलेल्या चोथ्यात बरीच गोडी शिल्लक असते. त्यात एक लीटर पाणी घालून पुन्हा दहा मिनिटे उकळावे व गाळावे. हा दुसरा अर्क पातळ असतो. तो काकवीत घालावा किंवा पुरणाची डाळ त्यात शिजवावी.

अर्क काढला की त्याच दिवशी पुढची कृती करावी. रात्रभर ठेवलेला अर्क सकाळी फसफसलेला आढळतो.

ताज्या फुलांचाही अर्क काढता येतो व त्याचा रंग फिका, वास सौम्य येतो. मात्र फुले वेचल्यापासून तीन-चार तासांच्या आत ती उकळत्या पाण्यात पडली पाहिजेत. झाड अंगणात असेल तरच या भानगडीत पडावे, असे आमचे मत आहे.

टिकाऊ सरबत

पहिला अर्क एक लीटर, साखर ६०० ग्रॅम आणि सायट्रिक आम्ल (लिंबू सत्त्व) १६ ग्रॅम असे प्रमाण घ्यावे. अर्क गरम करून त्यात साखर विरघळवावी व एक उकळी आणावी. खाली उतरवण्यापूर्वी पाच मिनिटे आधी ठेचलेले आले पुरचुंडीत बांधून सोडावे आणि नंतर पुरचुंडी पिळून काढून घ्यावी. आले मोहाच्या वासाला चांगले मिळते. वेलचीही चालते, पण दोन्ही एकत्र घालू नयेत. शेवटी सायट्रिक आम्ल घालून ढवळावे व पुन्हा गाळावे. या प्रमाणातून सुमारे एक लीटर चारशे मिली घट्ट सरबत मिळते, म्हणजे सातशे मिलीच्या दोन बाटल्या भरतात. हातातील रिफ्रॅक्टोमीटर असल्यास ४५ अंश ब्रिक्स दाखवला पाहिजे. कमी दाखवल्यास साखर वाढवावी. अर्क जास्त पाणी घालून काढला असेल तर हमखास कमी येतो.

हे सरबत काही महिने टिकवायचे असल्यास परिरक्षक लागतो. वरील एका लीटर अर्काच्या सरबतासाठी १ ग्रॅम पोटॅशियम मेटाबायसल्फाइट पुरेसे होते. ते सरबत कोमट झाल्यावर थोड्या सरबतात विरघळवून मग सर्वात मिसळावे. गरम सरबतात घातल्यास त्याचा वायू उडून जातो आणि काम होत नाही. त्याऐवजी तेवढेच सोडियम बेंझोएट वापरता येते. दोन्ही एकदम वापरू नयेत. हे पदार्थ चमच्याने किंवा चिमटीने कधीही मोजू नयेत; गावातील सोनाराच्या काट्यावर एक-एक ग्रॅमच्या पुड्या करून आणाव्यात. दम्याचा त्रास असलेल्या काही व्यक्तींना सल्फाइट सोसत नाही, म्हणून बाटलीवर त्याचा उल्लेख करावा.

परिरक्षक न वापरता सरबत टिकवण्याचीही पद्धत आहे. काचेच्या बाटल्यांत गरम सरबत गळ्यापर्यंत भरावे, वर दीड इंच जागा सोडावी, बूच लावावे आणि पातेल्याच्या तळाशी कापडाची घडी ठेवून बाटल्या मानेपर्यंत पाण्यात उभ्या कराव्यात. पाणी उकळू लागल्यापासून अर्धा तास तशाच ठेवाव्यात. नंतर त्या पाण्यातच थंड होऊ द्याव्यात. अशी बाटली एकदा उघडली की मात्र आठवड्याच्या आत संपवावी.

दोन्ही पद्धतींत रिकाम्या बाटल्या प्रथम साबणाच्या पाण्याने ब्रशने घासून, नंतर वीस मिनिटे पाण्यात उकळून घ्याव्यात. याबाबतचा एक अनुभव सांगण्यासारखा आहे. काही वर्षांपूर्वी एका गावातील प्रात्यक्षिकात आम्ही बारा बाटल्या भरून बचत गटाच्या कपाटात ठेवल्या. आठवड्याच्या आत त्यांतील चार बाटल्यांची बुचे उडाली आणि कपाटभर चिकट फेस झाला. सरबत शिकवायला आलेल्या बाईंनी दारूच करून दाखवली, अशी थट्टा गावाने बरेच दिवस केली. चूक आमचीच होती. त्या चार बाटल्या ऐनवेळी कमी पडल्या म्हणून कुणाच्या तरी घरून आणून नुसत्या विसळून भरल्या होत्या. बाकीच्या आठ बाटल्या दिवाळीपर्यंत उत्तम राहिल्या.

पिण्यासाठी एक भाग सरबतात तीन भाग थंड पाणी मिसळावे. चिमूटभर सैंधव व भाजलेल्या जिऱ्याची पूड घातल्यास चव खुलते. टिकवायचे नसेल आणि दुपारी शेतावरून आलेल्या माणसाला गार काही द्यायचे असेल तर एवढा खटाटोप नको. पसाभर सुकी फुले परतून, अर्धा लीटर पाण्यात उकळून गाळावीत, दोन लिंबे पिळावीत व माठातले पाणी घालून द्यावे. साखर घालण्याचीही गरज पडत नाही.

मोहाची काकवी

काकवीला बाहेरची साखर लागत नाही, म्हणून गरीब कुटुंबाला सर्वांत परवडणारा हाच पदार्थ आहे. पहिला व दुसरा अर्क एकत्र करून रुंद तोंडाच्या कढईत मोठ्या आचेवर आटवावा. वर येणारी मळी झाऱ्याने काढत राहावी. निम्मा झाला की आच कमी करावी व सतत ढवळावे, कारण पुढे तो बुडाला लागतो आणि एकदा करपल्याचा कडवटपणा आला की उपाय नाही. थंड ताटलीत टाकलेला थेंब पसरला नाही व बोटाने मध्ये रेघ ओढल्यावर ती लगेच मिटली नाही, तर काकवी झाली. थर्मामीटर असल्यास १०५ अंश सेल्सिअसला उतरवावी. एक किलो फुलांपासून साधारण अर्धा किलो काकवी मिळते. गरम असतानाच कोरड्या, उकळून वाळवलेल्या बरण्यांत भरून झाकण लावावे.

ही काकवी भाकरीबरोबर, नाचणीच्या आंबिलात किंवा शेंगदाण्याची चिक्की करताना गुळात मिसळून वापरता येते. नुसत्या मोहाच्या काकवीची चिक्की उसाच्या गुळासारखी कडक होत नाही व पावसाळ्यात लगेच पाझरते. त्यामुळे निम्मा गूळ घ्यावाच लागतो.

लाडू

मोहाच्या लाडवाला पाक लागत नाही. भाजलेले फूल कुटले की आपोआप चिकट होते. पाखडलेली एक किलो फुले दोन चमचे तुपावर किंवा जवसाच्या तेलावर मंद आचेवर परतावीत. रंग गडद तांबूस झाला आणि फूल बोटांत दाबल्यावर मऊ लागले की उतरवावे. काळपट होईपर्यंत भाजू नयेत. अर्धा किलो तीळ व पाव किलो शेंगदाणे वेगवेगळे भाजून जाडसर कुटावेत. मग फुले गरम असतानाच उखळात कुटून त्यात हे कूट व थोडी सुंठ मिसळावी आणि लाडू वळावेत. पूर्व विदर्भात तिळाऐवजी जवस घेतात. तो आधी चांगला भाजून घ्यावा. लाडू वळताना फुटत असतील तर फुले थंड झाली असे समजावे. पाणी न घालता मिश्रण पुन्हा कढईत फिरवून घ्यावे. पाण्याचा हात लावलेले लाडू चार दिवसांत खराब होतात. कोरड्या हाताने केलेले लाडू घट्ट डब्यात दोन-तीन आठवडे चांगले राहतात. मिक्सरमध्ये फुले वाटण्याचा प्रयत्न करू नये. पाते अडकते आणि मोटार जळते.

मोहाच्या लाडवाने रक्त वाढते असे सरसकट सांगितले जाते. त्यात तथ्य किती, हा भाग अलाहिदा. नुसते फूल हे प्रामुख्याने साखरेचे भांडार आहे आणि प्रथिने त्यात कमीच असतात. लाडवाचे पोषण वाढते ते तीळ, जवस व शेंगदाण्यांमुळे. म्हणून अंगणवाडीसाठी किंवा बाळंतिणीसाठी लाडू करणाऱ्या गटांनी हे घटक कमी करून फुलांचे प्रमाण वाढवू नये. मधुमेह असलेल्यांनी लाडू व काकवी टाळावी. कच्ची ताजी फुले मुले मूठ-मूठ खातात व मग पोट बिघडते किंवा मळमळते. एक-दोन फुलांपलीकडे कच्ची खाऊ देऊ नयेत.

पुरणासाठी हरभऱ्याची डाळ पातळ अर्कात शिजवून त्यात शिजलेल्या फुलांचा लगदा डाळीच्या निम्म्याने घालावा व गूळ नेहमीपेक्षा निम्माच घ्यावा. पोळीला रंग काळसर येतो, चव मात्र खजुराच्या पोळीची आठवण करून देते. मनुकांसारखी फुले करण्यासाठी ताजी फुले दोन मिनिटे वाफवून, एक रात्र साखरेच्या दाट पाकात बुडवून व निथळून सौर वाळवणी यंत्रात सुकवतात. यात साखर बरीच लागते, त्यामुळे ठरलेले गिऱ्हाईक असल्याशिवाय करू नये.

कायदा व विक्री

मोहफुले घरात ठेवण्याची भीती अनेक शेतकऱ्यांच्या मनात अजून आहे आणि ती निराधार नाही. मुंबई सरकारने १८९२ सालीच ठाणे व कुलाबा जिल्ह्यांसाठी मोहफुलांवर निर्बंध घालणारा कायदा केला होता. पुढे १९४९ च्या दारूबंदी अधिनियमाखालीही फुले बाळगणे व वाहून नेणे यांवर मर्यादा आल्या. चार पोती फुले बैलगाडीतून नेणाऱ्याला तासन् तास नाक्यावर थांबवल्याच्या हकिकती प्रत्येक गावात ऐकायला मिळतात. २०२१ साली राज्य शासनाने मोहफुलांचे संकलन, साठवणूक व वाहतूक यांवरील निर्बंध शिथिल केले. वन हक्क कायदा, २००६ नुसार गौण वनोपज गोळा करण्याचा व विकण्याचा हक्क वननिवासींना मिळालेला आहे. गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा (लेखा) सारख्या गावांना सामूहिक वनहक्कही मिळाले आहेत. तरीही मोठ्या प्रमाणावर साठा करण्यापूर्वी किंवा परराज्यात माल पाठवण्यापूर्वी ग्रामसभेचा ठराव करून घ्यावा व तालुक्याच्या उत्पादन शुल्क कार्यालयात सध्याच्या नियमांची लेखी माहिती घ्यावी. वर्धा जिल्ह्यात १९७५ पासून आणि गडचिरोलीत १९९३ पासून दारूबंदी आहे. तेथील गटांनी फुलांच्या खरेदीचे व वापराचे वहीत रोजचे टिपण ठेवल्यास पुढे स्पष्टीकरण देणे सोपे जाते.

सरबत, काकवी किंवा लाडू विकायचे असल्यास अन्नसुरक्षा कायद्याखाली नोंदणी आवश्यक आहे. गटाच्या नावाने ती करता येते. लेबलवर घटक, परिरक्षकाचे नाव, तयार केल्याची तारीख व किती दिवसांत वापरावे हे लिहावे. पहिल्या वर्षी पन्नास बाटल्यांच्या पुढे जाऊ नये. बाटल्यांपैकी दोन घरी ठेवून महिन्याला एकदा त्या पाहाव्यात. बुडबुडे, फुगलेले बूच किंवा आंबूस वास आढळल्यास त्या खेपेचा सर्व माल परत घ्यावा.

गोंड व माडिया समाजात पंडुम साजरा होऊन नवा मोह देवाला वाहिल्याशिवाय तो खात नाहीत. अशा गावांत प्रात्यक्षिक ठेवायचे असल्यास गायता किंवा गावप्रमुखांना विचारूनच तारीख ठरवावी.

मोह लावण्याची इच्छा असणाऱ्यांनी टोळी ताजी असतानाच, जून-जुलैत फळ पिकून पडल्याबरोबर पिशव्यांत टोकावी. ठेवलेल्या बियांची उगवणशक्ती थोड्या आठवड्यांतच जाते. बियांपासूनच्या झाडाला फुलावर येण्यास आठ-दहा वर्षे लागतात. गुजरातमधील गोध्राजवळच्या वेजलपूर येथील केंद्रीय बागायती प्रयोग केंद्राने ‘थार मधु’ ही निवड जात दिली असून कलमे केल्यास झाड लवकर फुलावर येते. बांधावर लावताना दोन झाडांत किमान तीस फूट अंतर ठेवावे आणि पहिली तीन वर्षे उन्हाळ्यात रोपाभोवतीचा पाचोळा काढून तीन-चार फूट रुंदीचा जाळपट्टा घ्यावा.